झोपलेल्या सिस्टरचं चित्र

नाशिकला मी ट्रेसर म्हणून नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कचेरी धरणं-कालव्यांची. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचे, त्यावर आम्ही ट्रेसिंगचं निळसर कापड ताणून बसवायचो आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने वर उतरवायचो. नदी असेल तिथे नदी, बांध असेल तिथे बांध. स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. माझा हात स्थिर होता. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन पन्नाशीचे गृहस्थ होते. नव्या माणसांना ते माझ्या टेबलाशी आणून म्हणायचे, "बाईंची रेघ बघा. कुठे थांबली, कुठे पुन्हा सुरू झाली, कळत नाही."

सुरुवातीला हे ऐकून बरं वाटायचं. दोन-अडीच वर्षांनी वाटेनासं झालं.

माझं घर देवळ्याकडच्या एका खेड्यात. आईवडील, मोठा भाऊ, वहिनी, कांद्याची शेती. नाशिकला मी अशोकस्तंभाच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. गच्चीवर समोरासमोर दोन खोल्या होत्या आणि मधे पाण्याची टाकी. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर. शनिवारी कचेरी सुटली की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. रविवारी मी गोदाघाटापर्यंत चालत जायचे, भाजी घेऊन परत यायचे. भाजीवाल्याशी होईल तेवढंच बोलणं. सोमवारी सकाळी कचेरीत पहिला शब्द उच्चारताना आवाज घोगरा यायचा.

एका साप्ताहिकात मी पोस्टाने चित्रकला शिकवणाऱ्या मुंबईच्या संस्थेची जाहिरात पाहिली. दर महिन्याला पाठाची पुस्तिका येणार, आपण चित्र काढून पाठवायचं, ते तपासून परत येणार. मी दोन दिवस ते पान उशीखाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

पहिला पाठ पाण्याच्या पेल्याचा होता. मी माझा स्टीलचा पेला खिडकीत ठेवून काढला. महिन्याभराने चित्र परत आलं. वर एक पातळ ट्रेसिंग पेपर चिकटवलेला होता आणि त्यावर निळ्या पेन्सिलीने माझाच पेला पुन्हा काढलेला होता. चारपाच रेघा, त्याही तुटक. पण त्या पेल्यात पाणी होतं आणि माझ्या पेल्यात नव्हतं. खाली बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: "रेघ फार आज्ञाधारक आहे. आपण पेला पाहिला नाही, पेल्याची कड पाहिली."

मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेन कोण जाणे. कुणीतरी मुंबईत बसून माझ्या रेघेबद्दल विचार केला होता. तपासणाऱ्याचं नाव संस्था कळवत नसे, सहीच्या जागी एक शिक्का असायचा. मी मनातल्या मनात त्या निळ्या पेन्सिलीला 'मास्तर' म्हणायला लागले. मास्तर साठीचे असतील, धोतर नेसत असतील, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असेल, असं चित्र मीच तयार केलं. मग मी पेले काढले, किटल्या काढल्या, वांगी काढली, गच्चीवर वाळत घातलेली साडी काढली. दर महिन्याला पोस्टमन जाडजूड पाकीट आणायचा आणि मालकीणबाई खालूनच हाक मारायच्या, "तुझं ते मुंबईचं आलं गं."

त्याच दिवसांत मी प्रदर्शनं बघायला लागले. नाशिकला तेव्हा फार काही नसायचं. एखाद्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये कुणी चित्रं लावायचं, बहुतेक घाट, देवळं, होडी आणि सूर्यास्त. मी कचेरी सुटल्यावर जायचे. हॉलमध्ये चित्रकार आणि त्याचे दोन मित्र खुर्च्या टाकून गप्पा मारत असायचे. मी आत गेले की गप्पा थांबायच्या. एकटी बाई चित्रं बघायला आली म्हणजे काय समजायचं हे त्यांना कळायचं नाही. एकदा एकाने विचारलं, "मॅडम, कोणत्या शाळेतून आलात? मुलं खाली थांबलीत का?" मी म्हणाले, "नाही, मी एकटीच आहे." मग त्याने उगाच पंख्याचा वेग वाढवला. मी प्रत्येक चित्रासमोर मोजून तेवढाच वेळ उभी राहून बाहेर पडायचे. पायऱ्या उतरताना मनात खूप बोलणं साठलेलं असायचं. पाणी कसं रंगवलंय, सावली कुठे चुकलीय. ते सगळं घेऊन मी घरी यायचे आणि भात टाकायचे.

कचेरीत मी एकदाच माझी चित्रं नेली. मुख्य ड्राफ्ट्समननी ती नीट, एकेक करून पाहिली. माणूस भला होता. म्हणाले, "छान आहेत. पण बाई, एवढा चांगला हात असताना तो बिघडवून का घेता? अशा रेघांची सवय लागली तर नकाशात यायच्या." मी चित्रं गुंडाळून ठेवली आणि पुन्हा नेली नाहीत.

दीड वर्षाने माणसाचा पाठ आला. पुस्तिकेत लिहिलं होतं की एकच व्यक्ती निवडावी, तिला स्थिर बसवून किमान दहा बैठकांत तिची रेखाटनं काढावीत, आणि त्यातून एक मोठं चित्र पूर्ण करावं. मला तोपर्यंत वाटत होतं की एकटीने शिकता येईल अशी ही एकच विद्या आहे. आता दुसरं माणूस लागणार होतं.

मी घाटावर जाऊन पाहिलं. माणसं बसायची, पण मी कागद काढला की उठायची, नाहीतर चार जण माझ्याच भोवती गोळा व्हायचे. सीबीएसच्या एसटी स्टँडवर पेठ-सुरगाण्याच्या गाडीची वाट बघत बायका तासन्‌तास बसलेल्या असत. तिथे बरं चालायचं, पण चेहरा जमत यायचा आणि गाडी लागायची. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझं चित्र? ते माणूस गेल्यावर लावतात भिंतीला. मला आत्ता नको." शेवटी मी आरसा भिंतीला टेकवला आणि स्वतःलाच काढलं. दहा वेळा काढलं. ते पाठवलं तेव्हा खाली 'मैत्रीण' असं लिहिलं, कारण खरं सांगायची लाज वाटली.

मास्तरांना फसवता आलं नाही. उत्तर आलं: "आरशातला माणूस नेहमी सावध असतो. सावध नसलेला माणूस काढा. कुणीतरी असेलच."

'कुणीतरी असेलच' हे शब्द वाचून मी गच्चीवर जाऊन टाकीला टेकून उभी राहिले. समोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

समोरच्या खोलीत एक नर्स राहायची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. निफाडकडच्या एका बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही म्हणायचे. तिला बहुतेक वेळ रात्रपाळी असायची. मी कचेरीला निघायचे तेव्हा ती परत यायची, मी परतायचे तेव्हा ती निघायच्या तयारीत असायची. दोन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकींना वाट देण्यापुरत्या भेटत होतो. पुढच्या रविवारी ती नळावर कपडे पिळत होती. मी धीर करून विचारलं.

"सिस्टर, मला तुमचं चित्र काढायचंय. अभ्यासाचं आहे. थोडा वेळ बसाल का?"

तिने पिळलेली चादर खांद्यावर टाकली. "किती वेळ?"

"एक तास. असे दहा-बारा रविवार."

"अगं, मला रविवारी दुपारीच काय ती सलग झोप मिळते. बसवणार नाही माझ्याने." ती आत गेली आणि पुन्हा दारात आली. "झोपलेलीचं चालेल का? चालत असेल तर ये. दार उघडं ठेवते. फक्त आवाज करू नकोस."

असे आमचे रविवार सुरू झाले. अकरा-साडेअकराला ती आडवी व्हायची. खोलीत एक खाट, एक ट्रंक, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर आणि खिळ्याला टांगलेला पांढरा गणवेश. मी ट्रंकेवर बसायचे, फळी मांडीवर घ्यायचे. ती भिंतीकडे तोंड करून निजायची आणि पाच मिनिटांत कूस बदलून माझ्याकडे वळायची. एक हात खाटेबाहेर लोंबायचा. तोंड किंचित उघडं. भुवयांच्या मधे झोपेतही एक आठी असायची, ती कधी गेली नाही.

मी इतका वेळ दुसऱ्या माणसाकडे आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या पायांवर चपलांच्या पट्ट्यांचे वळ होते. मनगटाशी घड्याळाच्या जागी कातडी फिकट होती. खाली गल्लीत कल्हईवाला ओरडत जायचा, कुठेतरी रेडिओ लागलेला असायचा, आणि आम्ही दोघी त्या खोलीत, एक झोपलेली, एक जागी. मला ते फार सुखाचं वाटायचं. आठवडाभर मी त्या दुपारची वाट बघायचे.

चारच्या सुमारास ती उठायची, चहा टाकायची, मला कप द्यायची आणि फळीवर नजर टाकायची. "माझे पाय एवढे सुजलेत?" असं एकदा म्हणाली. एकदा म्हणाली, "तोंड मिटलेलं काढ गं, मिटलेलं बरं दिसतं." मी हसून हो म्हणाले, पण उघडंच काढलं. बाकी आम्ही फार बोलायचो नाही. ती चहा पिऊन डबा भरायची, मी माझ्या खोलीत यायचे. मला वाटायचं, आमची मैत्री झाली आहे.

चौदा रविवार मी काढत होते. शेवटचं चित्र कोळशाने, मोठ्या कागदावर केलं. खाट, चादर, लोंबणारा हात, चेहरा. पाठवलं, आणि पुढच्याच महिन्यात सिस्टरची बदली झाली. सुरगाण्याच्या आतल्या बाजूला एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात. ती ट्रंक रिक्षात चढवताना मी कचेरीत होते. संध्याकाळी परत आले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं आणि माझ्या कडीला एक चिठ्ठी अडकवलेली होती: "जाते. जेवत जा नीट."

मास्तरांचं उत्तर त्यानंतर आलं. या वेळी निळी पेन्सिल नव्हती, ट्रेसिंग पेपर नव्हता, चित्रही नव्हतं. एक कार्ड होतं. "हे चित्र परत पाठवत नाही. वार्षिक प्रदर्शनात लावायचे आहे. हे काढताना आपण जे सोसले असेल ते कुठल्याही पाठातून शिकवता येत नाही." खाली प्रदर्शनाचा दिवस आणि मुंबईतला पत्ता.

सोसणं म्हणजे चौदा रविवार ट्रंकेवर बसणं, असा मी अर्थ लावला. मला इतका आनंद झाला की तो सांगायला मी खाली मालकीणबाईंकडे गेले. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. कुणाबरोबर जाशील?"

एकटीच गेले. पहाटेच्या बसने नाशिकरोडला, तिथून गाडीने बोरीबंदर. पांढरी साडी इस्त्री करून नेसले होते. रस्ता विचारत विचारत फोर्टातल्या त्या हॉलपाशी पोचले तेव्हा नुकतंच दार उघडलं होतं.

ते प्रदर्शन मला कधी विसरता आलं नाही, कारण तिथे सगळेच एकटे होते. पोस्टाने शिकणारी माणसं. कुणी सोलापूरचा, कुणी रत्नागिरीचा. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. प्रत्येक जण आपलं चित्र शोधून त्याच्या शेजारी, पण आपला काही संबंध नाही असं दाखवत, उभा होता. मी माझं चित्र शोधत गेले. डावीकडच्या भिंतीवर, खिडकीजवळ ते लावलं होतं. चांगल्या जागी, काळ्या चौकटीत. समोर एक नवरा-बायको उभे होते आणि अगदी हळू आवाजात बोलत होते. ते बाजूला झाल्यावर मी खालची चिठ्ठी वाचली.

'अंत्यदर्शन', असं नाव दिलेलं होतं. खाली माझं नाव, नाशिक.

आधी मला वाटलं चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. शेजारची चिठ्ठी पाहिली, ती बरोबर होती. मग मी चित्राकडे पाहिलं. अर्धवट उघडं तोंड, लोंबलेला हात, खांद्यापर्यंत ओढलेली चादर. दोन महिन्यांनी, दुसऱ्याच्या भिंतीवर ते पाहताना मला स्वतःलाच दिसलं की ही बाई झोपलेली नाही.

ज्या बाई मघाशी नवऱ्याबरोबर उभ्या होत्या त्या परत आल्या. मी तिथेच खिळून उभी आहे हे पाहून त्यांनी विचारलं, "तुमचं आहे?"

मी मान हलवली.

"आई का?"

मी चिठ्ठीकडे पाहिलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, क्षणभर थांबल्या आणि गेल्या. कित्येक महिन्यांत मला कुणी असा हात लावला नव्हता. तो हात भलत्याच कारणासाठी होता, तरी मी खरं काय ते सांगितलं नाही. ती लबाडी मला अजून आठवते.

दुपारी हॉलमध्ये गडबड झाली. तपासणारे शिक्षक आले होते. मी धोतर आणि दोऱ्याची काडी शोधत होते. एक ठेंगणी, सावळी, पंचावन्नच्या आसपासची बाई, खादीची साडी, खांद्याला कापडी पिशवी, चित्रामागून चित्र बघत माझ्यापाशी आली. तिच्या बोटांना निळा रंग होता. मला म्हणाली, "नाशिकच्या तुम्ही?"

मी इतकी गोंधळले की नमस्कार करायला वाकताना चौकटीलाच धक्का लागला.

"मी तुमच्या पेल्यापासून बघतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्या आई होत्या ना?"

त्या बाईंना मी खोटं सांगू शकले नसते. म्हणाले, "नाही बाई. शेजारच्या सिस्टर आहेत. झोपल्यात. रात्रपाळी करून यायच्या, म्हणून दिवसा झोपायच्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, बराच वेळ. मला वाटलं रागावतील. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली, चिठ्ठीवरचं नाव खोडलं आणि लिहिलं, 'झोपलेली स्त्री'. मग पेन्सिलीचं टोक चित्रातल्या छातीवर, कागदाला न लावता, धरलं.

"मग श्वास कुठे आहे?"

"मला वाटलं मी जसं होतं तसं काढलं."

"जसं होतं तसंच काढलंय तुम्ही. तुमचा हात खोटं बोलत नाही, हे मला दोन वर्षांत कळलंय." त्यांनी पेन्सिल पिशवीत टाकली. "मी शंभरदा बघितलं हे. चूक म्हणून सोडून देता येत नाही. त्या सिस्टर बऱ्या आहेत ना?"

"बदली झाली त्यांची," मी म्हणाले. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं, आणि हे सांगताना ते मला पहिल्यांदा जाणवलं.

बाईंना दुसऱ्या कुणीतरी बोलावलं. जाताना म्हणाल्या, "पुढचा पाठ लवकर पाठवा." संध्याकाळपर्यंत चित्रासमोर फारसं कुणी थांबलं नाही. नाव बदलल्यावर ते एक साधं, बरं जमलेलं अभ्यासाचं चित्र झालं होतं. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. कसारा येईपर्यंत मी सिस्टरच्या घरच्या माणसांची नावं आठवायचा प्रयत्न करत होते. एकही आठवलं नाही. मी विचारलीच नव्हती.

प्रदर्शन संपल्यावर चित्र नळकांड्यातून परत आलं. पुढच्या जोडसुट्टीला मी ते घेऊन सुरगाण्याची एसटी धरली. दिंडोरी गेली, वणी गेलं, मग घाट आणि सागाची झाडं. सुरगाण्याहून पुढे जीपमध्ये, मांडीवर नळकांडं धरून. आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. ओट्यावर बायका पोरांना घेऊन बसलेल्या. सिस्टर आत कुणालातरी टोचत होती. मला बघून तिच्या हातातली सुई तशीच राहिली.

"तू? काय झालं?"

"काही नाही. भेटायला आले."

"मला भेटायला?" ती म्हणाली, आणि पुढच्या पोराचा दंड धरला. "बस. हे उरकू दे."

उरकायला दोन वाजले. तिच्या खोलीवर आम्ही नागलीची भाकरी आणि वरण खाल्लं. ती बदलली होती, रापली होती, मोठ्याने बोलत होती. जेवण झाल्यावर मी चित्र उलगडलं. प्रदर्शनात काय झालं ते सगळं सांगितलं, ती हसेल म्हणून थोडं रंगवूनही सांगितलं.

ती हसली नाही. दोन्ही हातांनी कागद धरून बसली. "मेलेलीच दिसते की," म्हणाली. मग म्हणाली, "तेव्हा होतेच मी तशी."

मी कागदाची गुंडाळणारी खालची कड धरली.

"माझी आई गेली ना तेव्हा. तू चित्र काढायला लागलीस त्याच्या आधीच्या आठवड्यात. दोन दिवस गावी गेले आणि परत कामावर आले. घरी नुसतं बसून काय करणार होते? दवाखान्यात सगळ्यांना सांगावं लागलं, रजा मागायची म्हणून. गल्लीत कुणाला सांगितलं नाही. मला सांगायचंच नव्हतं, असं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चित्र काढत होतीस." ती हे रागाने म्हणाली नाही. "मला बरं वाटायचं गं. झोपताना खोलीत कुणीतरी आहे, एवढं पुरायचं. दार उघडं ठेवायचे ते काही नुसतं तुझ्यासाठी नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं आणि उठून चहा टाकला. चौदा रविवार मी तिच्या भुवयांमधली आठी काढत होते. तिची जाडी, तिचा कोन, तिच्यावरचा उजेड. ती कशाची आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं. हाताला कळत होतं आणि मला कळलं नव्हतं.

ती म्हणाली, "हे माझ्याकडे राहू दे?" मी म्हणाले, "तुमचंच आहे." तिने ते ट्रंकेत, घडी न घालता, तळाशी सपाट ठेवलं. त्या रात्री मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बायकांचे केसपेपर करत असताना मी तिची जागेपणी रेखाटनं केली. ती एका जागी ठरत नव्हती, एकही धड जमलं नाही. पण या वेळी मी मधेमधे बोलत होते. तुमचे भाऊ किती, आईचं नाव काय, लहानपणी शाळेत कशी जात होतात. ती सुई उकळत उत्तरं देत होती. एक वाक्य आत्ता, दुसरं अर्ध्या तासाने, अशी.

आम्ही नंतर चारपाच वर्षं एकमेकींना पत्रं लिहिली. मग तिचं लग्न झालं, ती धुळ्याकडे गेली, पत्रं कमी झाली आणि थांबली. शेवटचं माझंच होतं.

मी अभ्यासक्रम पुरा केला. प्रमाणपत्र आलं, ते कचेरीतल्या कपाटात फायलींखाली पडून राहिलं. बाईंची निळी पेन्सिल त्यानंतर मला दिसली नाही. पाठ संपले होते, आणि पाठाशिवाय त्यांना काय लिहावं हे मला सुचलं नाही. एकदा नव्या वर्षाचं कार्ड पाठवलं, संस्थेच्या पत्त्यावर. ते त्यांना मिळालं की नाही, कळलं नाही. मी ट्रेसरची ड्राफ्ट्समन झाले. लग्नाचं घरचे विचारत होते, मग विचारायचे थांबले. वर्षातून दोनदा मुंबईला जाऊन प्रदर्शनं बघायची सवय मात्र राहिली. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मोठ्या गॅलरीत एकट्या बाईकडे कुणी बघत नाही, तिथे सगळेच मुकाट बघतात. तिथे मी हवा तेवढा वेळ उभी राहायचे. चित्रातल्या माणसाकडे बघताना सुरगाण्याहून आल्यापासून मला आधी वाटायचं, याला कुणी काही विचारलं असेल का.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नाशिकच्या काही हौशी लोकांनी मिळून एक प्रदर्शन केलं. त्यात माझी तीन चित्रं होती. सीबीएसवरची एक म्हातारी, आमच्या कचेरीतला शिपाई, आणि मालकीणबाई, ज्या अखेर बसायला तयार झाल्या होत्या. गावाकडे मी पोस्टकार्ड टाकलं होतं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. मार्केटला कांद्याची गाडी लावून, तसाच, टोपीवर धूळ घेऊन. तो प्रत्येक चित्रासमोर हात मागे बांधून उभा राहिला, दुसऱ्यांच्यासुद्धा.

"ही म्हातारी कोन हाय?" त्याने विचारलं.

"पेठकडची आहे, दादा. लेकीकडे चालली होती. लेक बाळंत झालेली."

"तुला कसं ठाव?"

"विचारलं."

तो पुन्हा चित्राकडे वळला. "लय येळ लागत असंल," म्हणाला. मी हो म्हणाले. मग त्याने पिशवीतून आईने दिलेला डबा काढून माझ्या हातात दिला, पुढच्या महिन्यात घरी ये म्हणाला आणि गाडी सुटायच्या आत पोचायला हवं म्हणून निघाला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडलं.

परत आले तेव्हा हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. पाचच्या सुमारास एक कॉलेजची मुलगी आली, वही छातीशी धरून, एकटी. ती आत येऊ की नको अशी उंबऱ्यात थांबली होती. मी उठून तिला म्हणाले, "या ना. कुठून आलात?"